पान ११४

(दृश्य: टेबलावर कापडी बांधणीचा जाड प्रबंध. एक हात पानं उलटत जातो आणि मधोमध थांबतो.)

पान ११४. या प्रबंधाची पानं २१२, पण बाहेरच्या जगाला सांगण्याजोगी गोष्ट या एकाच पानावर आहे. एक कोष्टक आणि त्याखाली चार ओळी. सहावीच्या दहा वर्गांतल्या मुलांनी बारा आठवडे, रोज वीस मिनिटं, जोडीजोडीने एकमेकांना वाचून दाखवलं. बाकीच्या दहा वर्गांनी तसं केलं नाही. शेवटी आकलनाच्या चाचणीत पहिले दहा वर्ग थोडे पुढे निघाले.

हा प्रबंध आणि तो लिहिणारी शिक्षिका, दोन्ही आम्ही या चित्रफितीसाठी कल्पिले आहेत. प्रबंधातून शोधनिबंध काढायला जो बसला असेल, त्याला मात्र त्या ओळखीच्या वाटतील. आपण त्यांना नुसतं बाई म्हणू.

बाईंनी सुरुवातीला जे केलं ते बहुतेक जण करतात. प्रत्येक प्रकरणातून थोडं थोडं कापत गेल्या. २१२ची ९० पानं झाली, ९०ची ४०. गाळण्यासारखं आता काही उरलं नाही असं वाटलं, तेव्हा त्यांनी मजकूर पहिल्यापासून वाचला आणि त्यांना स्वतःलाच कळेना की यात म्हणायचंय काय.

प्रबंध परीक्षकांपुढे ठेवायचा असतो. आपण वाचन केलंय, मेहनत केलीय, हे त्यात दाखवावं लागतं. म्हणून दुसऱ्या प्रकरणात 'आकलन' या शब्दाच्या आठ व्याख्या ओळीने येतात आणि साहित्याच्या आढाव्यात 'अमक्याने असं म्हटलं, तमक्याने तसं म्हटलं' अशी परिच्छेदांची माळ लागते. जर्नलच्या, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या, संपादकाला यातलं काही नको असतं. आजवर काय कळलं होतं, कुठे अडलं होतं आणि तुमच्यामुळे ते किती पुढे सरकलं, एवढंच त्याला हवं असतं. साठ पानांचा आढावा चार पानांत बसतो तो यामुळे. जे संदर्भ या अडलेल्या जागेपर्यंत नेत नाहीत, ते गळतात. गाळताना जीव तुटतो, हेही खरं.

बाईंनी कोरी फाइल उघडली. पान ११४ समोर ठेवलं आणि तिथून बाहेरच्या दिशेने लिहायला घेतलं.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक उघडणारी जर्नल्सची पानं.)

पण कुणासाठी? हा प्रश्न निबंध संपल्यावर विचारला जातो आणि तिथेच निम्मे निबंध अडकतात. शिक्षणक्षेत्रात जर्नल्स पुष्कळ, आणि प्रत्येकाची आवड वेगळी. १९१०पासून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी'ला मोजमाप हवं असतं. एखाद्या जर्नलला शिक्षकाच्या हातात पडणारं काही हवं असतं, एखाद्याला धोरणावर बोलणारं. 'उद्दिष्टे व व्याप्ती' हे पान सगळे वाचतात. त्याहून उपयोगाचं काम म्हणजे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळणं. तिथले लेख किती शब्दांचे आहेत, कोणत्या पद्धतीचे आहेत आणि एकमेकांशी कोणत्या वादात आहेत, ते पाहायचं. आपला निबंध त्या वादात कुठे उभा राहतो हे सांगता येत नसेल, तर ते जर्नल आपलं नव्हे. विषय व्याप्तीत बसत नाही म्हणून समीक्षकापर्यंत, म्हणजे निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञापर्यंत, न जाताच परत आलेला निबंध, म्हणजे डेस्क रिजेक्शन, हा दर वेळी निबंधाच्या दर्जावरचा शेरा नसतो. पुष्कळदा पत्ताच चुकलेला असतो.

आणि 'आदरणीय प्राध्यापक महोदय' असं संबोधून आठवड्यात छापून देण्याचं आमिष दाखवणारी ईमेल आली, तर ती उत्तर न देता पुसून टाकावी.

(दृश्य: रिकामा वर्ग. बाकं. भिंतीवरचं घड्याळ.)

आता कार्यपद्धतीचा विभाग. आम्ही इथे जरा रेंगाळणार आहोत, कारण समीक्षकही इथेच रेंगाळतो.

बाईंच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'नियंत्रित गटाला पारंपरिक पद्धतीने शिकवण्यात आले.' नियंत्रित गट म्हणजे जोडीवाचन न केलेले दहा वर्ग. शिक्षणातल्या शेकडो निबंधांत हे वाक्य जसंच्या तसं सापडेल. त्यातून कळतं काय? त्या वीस मिनिटांत ती मुलं काय करत होती? वर्गशिक्षक वाचत होते आणि मुलं ऐकत होती? मुलं मनात वाचत होती? की त्या वर्गांना वाचनासाठी वेगळी वीस मिनिटं मिळालीच नाहीत? तसं असेल तर फरक जोडीने वाचल्यामुळे पडला की नुसतं जास्त वाचल्यामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. सगळा निष्कर्ष या एका वाक्यावर उभा आहे आणि ते वाक्य पोकळ आहे.

असे प्रश्न आणखी आहेत. प्रायोगिक वर्गांवर शिकवलं कुणी? खुद्द संशोधकाने शिकवलं असेल तर तिचा उत्साह हाही एक घटक झाला. जोड्या कशा लावल्या? बारा आठवड्यांत प्रत्यक्षात किती दिवस वाचन झालं, सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन वगळून? बाईंच्या डायरीत हे सगळं होतं. नियोजित साठ दिवसांपैकी एका वर्गात चौपन्न दिवस, दुसऱ्यात एकेचाळीस. प्रबंधात त्यांनी ते घातलं नव्हतं, कारण ते कमीपणाचं वाटलं. निबंधात मात्र एकेचाळीस हा आकडा लपवायचा नसतो. उद्या कुणाला हाच प्रयोग करायचा असेल, तर त्याला याच आकड्याची गरज लागेल.

आणि प्रयोग पुन्हा करून पाहणारे फार थोडे आहेत. मॅथ्यू मॅकेल आणि जोनाथन प्लकर यांनी २०१४ मध्ये शिक्षणातल्या १०० आघाडीच्या जर्नल्सचा समग्र इतिहास चाळला. आधीचा अभ्यास पुन्हा करून पाहणारे लेख त्यांना ०.१३ टक्के मिळाले. हजारात जेमतेम एक. याची कारणं अनेक आहेत. पण जो प्रयोग नीट लिहिलेलाच नाही तो पुन्हा करणार कसा, हेही त्यातलं एक.

(दृश्य: पडद्यावर २० चौकोन. प्रत्येकात ३० ठिपके.)

आता संख्येकडे वळू. वीस वर्ग, प्रत्येकात तीस मुलं. बाईंनी लिहिलं, 'नमुना: ६०० विद्यार्थी.' आकडा भरभक्कम दिसतो. पण एका वर्गातली मुलं एकाच शिक्षकाकडून, एकाच खोलीत, एकाच गोंगाटात शिकतात. त्यांचे गुण एकमेकांसारखे होत जातात. किती सारखे, हे सांगणारा आकडा ०.२० धरू. मग हिशेब असा: एका वर्गातली मुलं ३०, त्यातून १ वजा, २९. गुणिले ०.२०, झाले ५.८. त्यात १ मिळवा, ६.८. आता ६०० भागिले ६.८. उत्तर येतं साधारण ८८.

सहाशे मुलांची माहिती आहे, पण तिचं वजन अठ्ठ्याऐंशी स्वतंत्र मुलांएवढं. सहाशेंना स्वतंत्र धरून टी-चाचणी, म्हणजे दोन गटांच्या सरासरीची तुलना, लावली तर नसलेला फरकही सार्थ, म्हणजे योगायोगाचा नसलेला, दिसू लागतो. ज्या समीक्षकाला संख्याशास्त्र येतं, तो सगळ्यात आधी इथे बोट ठेवतो. उपाय आहे. मुलं वर्गांत विभागलेली आहेत हे लक्षात घेणारं बहुस्तरीय विश्लेषण करायचं. बाईंना ते येत नव्हतं. त्यांनी संख्याशास्त्राच्या एका सहकाऱ्याला सोबत घेतलं आणि सहलेखक केलं. हे ठरवणं सबमिशनच्या आदल्या रात्रीवर ठेवायचं नसतं. नावांचा क्रम आणि कोणी काय केलं, हे आधीच कागदावर असलं की पुढची कटुता टळते. ज्याने काही केलं नाही त्याचं नाव मानापोटी घालू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी ते घातलं जातं.

नव्या विश्लेषणातही पहिले दहा वर्ग थोडे पुढे दिसले, पण परिणामाचा आकार, म्हणजे गुणांच्या पसरटपणाच्या मानाने दोन गटांतला फरक, निघाला ०.१८. बाई हिरमुसल्या. जेकब कोहेन यांच्या प्रसिद्ध मोजपट्टीवर ०.२ म्हणजे लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. म्हणजे आपला लहानाहूनही लहान? पण ही मोजपट्टी डोळे मिटून लावू नका, असं खुद्द कोहेन यांनीच बजावलं होतं. शालेय उपक्रमांचा कार्यकारणभाव तपासणाऱ्या अभ्यासांसाठी मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२० मध्ये वेगळी पट्टी सुचवली. प्रमाणित चाचण्यांवर ०.०५ पेक्षा कमी तो लहान, ०.०५ ते ०.२० मध्यम, त्यापुढे मोठा. चाचणी कोणती, मुलं कोणती, खर्च किती, हेही पाहायचं. बाईंनी शेवटी विशेषण गाळलं. आकडा दिला, त्याचं विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकेल तो पट्टा, दिलं आणि उपक्रमाला पैसे लागत नाहीत, फक्त वीस मिनिटं लागतात, एवढं लिहिलं.

(दृश्य: मुलाखतीची लिखित प्रत. कडेला पेन्सिलीच्या खुणा.)

प्रबंधात आठ शिक्षकांच्या मुलाखतीही होत्या. त्या मसुद्यात अशा आल्या होत्या: एक दावा, त्याखाली एक गोड अवतरण, पुन्हा दावा, पुन्हा अवतरण. सगळे शिक्षक खूश. मूळ प्रतीत मात्र एक शिक्षक म्हणतो की हळू वाचणारं मूल जोडीदारासमोर लाजतं आणि ओठ हलवण्याचं नाटक करतं. बाईंनी हे गाळलं होतं. आमच्या मते संबंध मुलाखतींत हेच सर्वांत मोलाचं वाक्य. आता ते निबंधात आहे.

मुलांची नावं अर्थातच बदलली आहेत. पण 'एका लहान शाळेतली, सहावीत एकटीच असलेली, व्हीलचेअर वापरणारी मुलगी' असं लिहिलं तर नाव बदलून काय साधलं? पालकांची लेखी संमती, मुलांचा स्वतःचा होकार आणि नीतिसमितीची मान्यता, हे तिन्ही निबंधात नोंदवावं लागतं.

(दृश्य: छापील नियमपुस्तिका, वर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या.)

मांडणीबद्दल थोडक्यात. शिक्षणातली बरीच जर्नल्स एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, लेखनशैली मागतात. ती १९२९ मध्ये सात पानांच्या सूचनांपासून सुरू झाली. २०१९ची सातवी आवृत्ती चारशेहून अधिक पानांची आहे. पाठ करायची गरज नाही. लेखात आलेला प्रत्येक संदर्भ सूचीत हवा आणि सूचीतला प्रत्येक लेखात हवा. हे सॉफ्टवेअरवर सोडून देऊ नका, बोट ठेवून ताडून पाहा. वर्षांमध्ये चुका निघतातच. आणि संगणकाने 'पी = .०००' छापलं म्हणून तसंच उतरवू नका. पी म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, आणि ती कधी शून्य नसते. '.००१ पेक्षा कमी' असं लिहायचं.

कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल तर जर्नलचा नियम पाहून तसं नमूद करायचं. लेखक म्हणून तिचं नाव देता येत नाही. प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या कोप या संस्थेची २०२३ची भूमिका तशीच आहे, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेला जबाबदारी घेता येत नाही. तिने सुचवलेला प्रत्येक संदर्भ उघडून पाहायचा. काही अस्तित्वातच नसतात.

शीर्षक आणि सारांश बाईंनी सर्वांत शेवटी लिहिले. 'सहावीच्या विद्यार्थ्यांच्या वाचन आकलनावर जोडीवाचन उपक्रमाच्या होणाऱ्या परिणामांचा चिकित्सक अभ्यास', यातला 'चिकित्सक अभ्यास' गेला, 'होणाऱ्या' गेलं. अडीचशे शब्दांच्या सारांशात पहिल्या खर्ड्यात निष्कर्षच नव्हता. 'निष्कर्षांची चर्चा करण्यात आली आहे' एवढंच होतं. बहुतेक वाचक सारांशापुढे जात नाहीत, तेव्हा ०.१८ तिथेच सांगायला हवा.

(दृश्य: सबमिशनचं पोर्टल. एकेक फाइल चढते.)

समीक्षकाला लेखक कळता कामा नये, म्हणून नावांचं पान वेगळं. ऋणनिर्देशही त्याच पानावर. 'आमच्या आधीच्या अभ्यासात' हे वाक्य बदललं, कारण पुढे कंसात बाईंचंच नाव येत होतं. वर्ड फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव असतं, तेही पुसलं. कव्हर लेटर अर्ध्या पानाचं: काय सापडलं, याच जर्नलला का, आणि हा निबंध सध्या दुसरीकडे कुठेही पाठवलेला नाही. एका वेळी एकच जर्नल, इथे सवलत नाही.

पोर्टल सगळ्या फाइल्स जोडून एक पीडीएफ बनवतं आणि विचारतं: तपासलंत? बहुतेक जण न उघडताच होय म्हणतात. रात्रीचे साडेअकरा झालेत. बाई उघडतात. कोष्टक दोन पानांत तुटलंय, त्याला हरकत नाही. आकृती ठीक. मग परिशिष्ट. पालकांच्या संमतिपत्राचा नमुना, आणि त्याच्या डोक्यावर, ठळक अक्षरांत, शाळेचं नाव, खाली मुख्याध्यापकांची सही.

बाई 'मागे' दाबतात. परिशिष्टाची फाइल उघडतात, नाव झाकतात, सही झाकतात, पुन्हा चढवतात. पडद्यावर चक्र फिरू लागतं. पीडीएफ नव्याने बनतेय.