छाती, ट्रायसेप्स आणि काखेतले पंचे

श्रोतेहो, नमस्कार. छाती आणि ट्रायसेप्स, म्हणजे दंडाच्या मागच्या बाजूचा स्नायू, हे दोन्ही बळकट कसे करावेत, हा आजचा विषय आहे. दोन्हींचा विचार एकत्र करण्याचे कारण सरळ आहे. आपण काहीही जड ढकलतो तेव्हा छातीचा स्नायू दंडाला पुढे आणतो आणि ट्रायसेप्स कोपर सरळ करतो. त्यामुळे जोर, पुशअप्स आणि बेंचप्रेस, म्हणजे बाकावर उताणे पडून छातीवरून वजन वर ढकलणे, या तिन्हींत दोघांनाही काम पडते. जोर कसे काढतात हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे, म्हणून ते समजावत बसत नाही. मला सांगायचे आहे ते खाली येण्याबद्दल, कारण वर जाण्याची घाई सगळ्यांनाच असते.

कोल्हापुरातल्या ज्या तालमीत मी तरुणपणी मेहनतीला जात असे, तिथे एके दिवशी पहाटे एक पाहुणा आला. शहरातल्या जिममध्ये तो बेंचप्रेसला 80 किलो वजन मारत असे, आणि ही गोष्ट त्याने लंगोट चढवण्याआधीच सर्वांना सांगून टाकली. वस्ताद हौदाच्या कडेला बसून माती चाळून घेत होते. (तालमीच्या इमारतीला नवा रंग द्यायला आज देणगीदार मिळतात, पण हौदातल्या मातीत ताक, तेल आणि हळद घालायला कोणी पुढे येत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.) वस्तादांनी मान वर न करता विचारले, "माझ्या मोजणीवर दहा जोर काढशील काय?" पाहुणा हसला. दहा जोर म्हणजे त्याच्या लेखी अंग गरम करण्याइतकेही नव्हते.

वस्ताद "खाली" म्हणाले आणि पुन्हा माती चाळू लागले. पाहुणा झपकन खाली गेला आणि वर येऊ लागला, तोच वस्ताद म्हणाले, "वर कुणी सांगितलं?" मग त्यांनी दोन पंचे मागवून त्यांच्या घड्या केल्या, पाहुण्याच्या दोन्ही काखांत एकेक ठेवली आणि सांगितले, की पंचा पडला तर मोजणी पहिल्यापासून. दुसऱ्याच जोराला कोपरे बाहेर फाकली आणि दोन्ही पंचे मातीत पडले. "पंख पसरून उडायचं हाय काय, लेका?" असे वस्तादांनी विचारताच सगळी तालीम हसली. पुन्हा एक. पुन्हा "खाली", आणि मधल्या वेळात वस्ताद कोणाला तरी दुधाचा हिशेब विचारत होते. चौथ्या जोराला पाहुण्याचे दंड थरथरू लागले आणि सहाव्याला तो छातीवर पालथा पडला. 80 किलोचे नाव नंतर त्याने काढले नाही, मात्र तो रोज येऊ लागला, आणि दिवाळीच्या सुमारास पंचे न पाडता दहा जोर काढून वस्तादांच्या पाया पडला.

या प्रसंगात आजचा जवळजवळ सगळा धडा आला आहे. पहिली गोष्ट म्हणजे खाली येताना साधारण तीन सेकंद घ्यावेत, कारण स्नायू ताणला जात असतानाही भार पेलत असतो आणि झपकन खाली पडणारा माणूस ते अर्धे काम फुकट घालवतो. पुन्हा सांगतो, खाली सावकाश या. दुसरी गोष्ट कोपरांची. ती धडापासून सुमारे 45 अंशांत ठेवावीत; पार बाहेर फाकली, तर खांद्यावर नको तेवढा ताण येतो. कोपरे आत, हे बेंचप्रेसलाही लागू आहे.

पुशअपमध्ये आपल्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो, म्हणजे 70 किलोच्या माणसाला ते 45 किलोंच्या आसपास वजन होते, आणि नवशिक्याला तेवढे पुरे. तेही जड वाटले, तर हात ओट्यावर ठेवावेत. हलके वाटू लागले, तर पाय पाटावर चढवावेत, म्हणजे छातीच्या वरच्या भागाला अधिक काम पडते. तळहात जवळ आणले, की भार ट्रायसेप्सकडे सरकतो. या स्नायूच्या तीन भागांपैकी लांब भाग खांद्याच्या सांध्यापलीकडे जात असल्याने त्याला पुरता ताण देण्यासाठी एखादा व्यायाम हात डोक्यावर नेऊन करावा; त्यासाठी एक डंबेल दोन्ही हातांनी धरून मानेमागे सावकाश उतरवावे आणि कोपरे सरळ करत वर न्यावे.

आठवड्यातून दोन वेळा, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती ठेवून, प्रत्येक प्रकाराचे तीन संच, म्हणजे मध्ये दम घेत केलेल्या तीन फेऱ्या, पुरतात. (भिंतभर आरसे लावलेल्या जिममध्ये ही विश्रांती कोणाला परवडत नाही, कारण तिथे स्नायूंपेक्षा प्रतिबिंबाला भूक जास्त असते.) वर जाताना श्वास सोडावा, तो कोंडून धरू नये; रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ येत असेल, तर बाकड्यावर मागे हात टेकून मारायचे डिप्स सोडून द्यावेत आणि जवळ हातांचे पुशअप्स घ्यावेत, अर्थात कोपरे आत ठेवून आणि खाली सावकाश येत.