दाढेचा फोटो आणि फिल्म धरणारं बोट

नमस्कार मंडळी. मी दातांची डॉक्टर. दाढ ठणकतेय, गाल सुजलाय, अशा पेशंटला मी म्हटलं ना की एक एक्स-रे फोटो काढू या, की पुढचा प्रश्न ठरलेला, डॉक्टर, रेडिएशन किती जातं हो अंगात? परवा एका काकांनी तर तंबाखूचा बार गालात तसाच ठेवून विचारलं. आता काय बोलणार!

तर आकडा ऐका. रेडिएशनचा डोस सिव्हर्टमध्ये मोजतात, आणि हजार मायक्रो म्हणजे एक मिलि. एका दाढेचा डिजिटल फोटो म्हणजे काही मायक्रोसिव्हर्ट, साधारण एक ते आठ. आणि जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला न मागता जे रेडिएशन मिळतं त्याची जगाची सरासरी आहे वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. एक फोटो म्हणजे असा एखादा दिवस, बस. सीबीसीटी, म्हणजे तो थ्रीडी स्कॅन, त्याचं गणित वेगळं, तो कितीतरी पट जास्त, तो सांगितला तर कशासाठी हे जरूर विचारा.

मग काळजी कशाची? बोटाची. लहान पोर तोंडात फिल्म, म्हणजे फोटो ज्यावर उमटतो ती पट्टी, ठेवू देत नाही, ओकारी काढतं, रडतं, आणि डॉक्टर म्हणतात द्या, मीच धरतो. मी शिकाऊ असताना हेच केलं आणि सरांनी सगळ्यांसमोर झापलं, कारण पेशंटचा फोटो वर्षातून एखादा, पण डॉक्टरचं बोट रोज दहा वेळा किरणांत. न्यू ऑर्लीन्सला एडमंड केल्स म्हणून दंतवैद्य होते, १८९६ पासून एक्स-रे काढायचे, मशीन नीट लागलंय का ते स्वतःचा हात किरणांत धरून बघायचे. आधी बोटं गेली, मग पंजा, मग दंड, ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली. तेव्हा कुणाला काही माहीतच नव्हतं हो, त्याच वर्षी जर्मनीत वॉल्कहॉफ नावाच्या दंतवैद्यांनी स्वतःच्या दातांचा फोटो काढला तर पंचवीस मिनिटं तोंडात काच धरून पडून राहिले होते! आता सेकंदाचाही छोटासा तुकडा पुरतो, टीं झालं की संपलं.

म्हणून फिल्म धरायला प्लास्टिकचा होल्डर असतो तो वापरायचा, आणि अगदीच गरज पडली तर आई-बाबांपैकी कुणीतरी किरण अडवणारा शिशाचा एप्रन घालून धरायचं, गरोदर आईने नाही. बाकीच्यांनी दोन मीटर लांब, किंवा सरळ बाहेर. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो, लांब उभं राहायला काही पैसे लागत नाहीत.

शिशाच्या एप्रनवरून तर हल्ली गंमतच झालीय. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये सांगितलं की किरण नेमके दातावरच पडत असतील तर पेशंटला तो नेहमी घालायची गरज नाही. मी मात्र अजून घालते, पेशंटला धीर येतो म्हणून, मागितलात तरी देईन.

आणि एक्स-रे मशीनची एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं मुंबईत अणुशक्तीनगरला जे ऑफिस आहे तिकडे, नोंद लागते, ती आहे का असं डॉक्टरांना विचारलं तर त्यांना राग यायचं काही कारण नाही. मला विचारलंत तर मी कागद काढून दाखवेन. फक्त येताना मागच्या दवाखान्यातले जुने फोटो घेऊन या, मोबाइलमध्ये असले तरी चालतील, तीच दाढ परत कशाला टीं करायची?