गाव रिठ होताना

श्रोतेहो, नमस्कार.

विदर्भातल्या महसुली याद्या चाळल्या तर काही गावांच्या नावापुढे 'रिठ' असं लिहिलेलं आढळतं. म्हणजे शिवार आहे, नकाशा आहे, पण संध्याकाळी दिवा लावायला कुणी नाही. पूर्वी गाव रिठ व्हायचं ते साथीनं, दुष्काळानं. वरोरा, भद्रावती, वणी, घुग्घुस, राजुरा या पट्ट्यात आता ते कोळशाच्या खदानीनं होतं. वरोऱ्याची जुनी खाण 1871 ते 1906 चालली. ती भूमिगत होती. भूमिगत खाणीवर गाव जीव मुठीत धरून का होईना, राहू शकतं. उघड्या खदानीत मात्र कोळशाच्या थरावरची सगळी माती आणि खडक आधी उचलावा लागतो. खदानीतली माणसं त्याला 'ओबी' म्हणतात. गाव त्या ओबीवरच बसलेलं असतं.

अशा गावाचा इतिहास लिहायचा, तर सुरुवात राजपत्रापासून करा. 1957 च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्यात कलम 4 ची अधिसूचना फक्त कोळशाच्या शोधासाठी असते. कलम 7 मध्ये संपादनाचा इरादा कळतो आणि हरकतीला 30 दिवस मिळतात. कलम 9 ची घोषणा छापून आली की जमीन केंद्र सरकारची. पुष्कळ लेखक शेवटचं घर पडलं ती तारीख देतात, पण मालकी त्याआधीच गेलेली असते. मधली वर्षं हाच खरा इतिहास, आणि तोच कुणी लिहीत नाही. घर दुरुस्त करावं की नाही कळत नाही. सुरुंगानं भिंतींना तडे जातात. खदान भूजलाखाली उतरली की पंप रात्रंदिवस उपसा करतात आणि गावातल्या विहिरी तळ गाठतात.

आता कागद. सातबाऱ्यावर विसंबलात तर अर्धं गाव निसटेल. त्यात शेतमालक सापडतो. भूमिहीन मजूर, तोंडी बटईदार नाही. गावठाणातल्या घरांसाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहा. जुन्या पिढ्यांसाठी कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी आणि 1954-55 चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद. चराईची कुरणं, सरपणाचे आणि वाटेचे हक्क निस्तार पत्रकात मिळतील.

सातबाऱ्यावर एक रकाना असतो, 'शेताचे स्थानिक नाव'. बहुतेक उताऱ्यांवर तो कोरा. तो भरण्याचं काम सगळ्यात आधी, कारण ही नावं फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतात. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या आणि वेगवेगळ्या मोहल्ल्यांतल्या दोन जाणत्यांना घेऊन बांधाबांधानं फिरा. त्यातली एक बाई असू द्या. निंदणाला, वेचणीला जाणारीला शेताची वेगळी नावं ठाऊक असतात. दोघांची नावं जुळली नाहीत तर दोन्ही लिहा. वेस, मारुती, माता माय म्हणजे गावदेवी, मसनवट, गुरं गोळा होतात ती आखर, प्रत्येक विहीर; या ठिकाणी उभं राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा. दशांशानंतर पाच आकडे हवेत, म्हणजे आकडे कापल्यानं होणारी चूक साधारण मीटरभराचीच राहते. एवढी काटेकोरी यासाठी की उद्या तिथं ओबीचा डोंगर असेल किंवा पाण्यानं भरलेला खड्डा, आणि खूण धरायला चिंचेचं झाडसुद्धा नसेल.

घरांचा कच्चा नकाशाही काढा, कुणाच्या शेजारी कोण ते लिहून. पुनर्वसनात भूखंड नंबरानं मिळतात, तेव्हा शेजार मोडतो. माता मायचे दगड लोक डोक्यावर घेऊन नव्या जागी मांडतात. विहीर नेता येत नाही; तिचा घेर, खोली आणि ती कुणी बांधली ते लिहा.

एक घाई मात्र कराच. गाव उठलं की ग्रामपंचायतीचं दप्तर पोत्यात बांधून दुसरीकडे जातं आणि ओल लागलेलं पोतं उघडायला कुणी धजत नाही. ग्रामसभेच्या इतिवृत्ताचे फोटो कुलूप लागण्याआधी घ्या, पानागणिक, वही क्रमांकासकट. कोरी पानंही सोडू नका.