सोडायला शिकलेली चिमी

नमस्कार श्रोतेहो. चिमी हे आमचं कुत्र्याचं पिल्लू. आमच्या घरी आली तेव्हा ती तीन महिन्यांची होती. पहिल्याच संध्याकाळी मी तिच्यापुढे चेंडू टाकला. ती सुसाट धावली, चेंडूपाशी जाऊन थबकली आणि पोट फरशीला टेकवून त्याच्याकडे टक लावून बसली. मी आपली ‘आण, आण’ म्हणतेय, आणि हिचा कानसुद्धा हलेना. घरातले म्हणाले, हिला खेळताच येत नाही.

तिला येत होतं, पण तिचा खेळ वेगळा होता. चिमी बॉर्डर कॉली आहे, मेंढ्या वळणाऱ्या जातीची. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांत ही जात घडली. नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे १८९३ साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा कुत्रा या जातीचा मूळपुरुष मानतात. शिकार करणारा प्राणी आधी रोखून बघतो, दबकत जातो, पाठलाग करतो आणि मग पकडतो. मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या निवड करून कॉलीतल्या पहिल्या तीन गोष्टी धारदार केल्या आणि पकडणं बोथट केलं, कारण मेंढीला दात लागून कसं चालेल? लॅब्राडोरला मात्र वस्तू तोंडात धरून मिरवण्यातच सुख. आपल्या धनगरांची कुत्री तर निराळ्याच कामाची, ती लांडग्यापासून कळप राखतात. म्हणून कॉलीच्या पिल्लाला चेंडूमागे धावायला शिकवावंच लागत नाही. धरणं, घेऊन येणं आणि सोडणं, एवढं शिकवायचं असतं.

मी सुरुवात शेवटापासून केली. चेंडू कपाटात ठेवला आणि जुन्या सुती ओढणीला गाठ मारून फरशीवर मांडी घालून बसले. फेकाफेकी अजिबात नाही. गाठ तिच्या नाकासमोरून सरपटवायची आणि तिने धरली की कौतुक करायचं. मग उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा नाकाशी न्यायचा. तो घ्यायला जबडा उघडला की त्याच क्षणी म्हणायचं, ‘सोड’. आणि गाठ लगेच तिची तिला परत द्यायची! इथेच बहुतेक जण चुकतात, वस्तू काढून घेतात. मग पिल्लू दात घट्ट आवळायला शिकतं. सोडलं तरी आपलं जात नाही, वर खाऊही मिळतो, हे चिमीला पटायला आठवडा लागला.

मग पॅसेजमध्ये गेलो. खोल्यांची दारं लावून घेतली. कॉलीला लांबून वळसा घालून यायची सवय असते आणि अरुंद पॅसेजमध्ये वळसा घ्यायला जागाच नसते. दोन हात अंतरावर गाठ टाकायची. ती घेऊन पळाली तर मागे धावू नका, नाहीतर तिच्या लेखी तोच खेळ होऊन बसतो. उलट आपणच पाठ फिरवून पळायचं, मग ती आपल्या मागे येते, तोंडात गाठ तशीच घेऊन.

आता एक कळकळीची विनंती. पाच-सहा फेऱ्या झाल्या की खेळ थांबवा. दमल्यावर ही कुत्री स्वतःहून थांबतील असं धरून चालू नका. भर उन्हात तर खेळूच नका. हाडं वाढीला लागलेली असताना चेंडू उंच उडवून उड्याही मारायला लावू नका. नुसतं तासन्‌तास फेकत राहिलात तर त्या चेंडूचं वेड लागतं, मग पिल्लू स्वस्थ बसायचंच विसरतं. त्यापेक्षा तिच्या डोक्याला काम द्या. अमेरिकेतले मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली यांनी ‘चेझर’ नावाच्या बॉर्डर कॉलीला तीन वर्षांत १०२२ खेळण्यांची नावं शिकवली. नाव घेतलं की ती नेमकं तेच उचलून आणायची.

आमची मजल सध्या तीनवर आहे: गाठ, मोजा आणि चेंडू. काल मी ‘मोजा’ म्हटलं. चिमी तिन्हींसमोर बसली, एकेकाकडे रोखून बघितलं, मग मोजा उचलून माझ्या पावलावर आणून ठेवला आणि दोन पावलं मागे सरून माझ्याकडे बघत राहिली.