रोजची भाकर

श्रोतेहो, नमस्कार.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं, घर दोन खणांचं. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की कौटुंबिक प्रार्थना व्हायची. वडील कंदिलाच्या उजेडात पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा वाचायचे, मग नारायण वामन टिळकांचं एखादं गीत, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. आम्ही पोरं तोवर पेंगायला लागलेलो, त्यामुळं ती प्रार्थना आम्ही एका दमात उरकायचो. आई मात्र एका जागी अडवायची. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" एवढं झालं की म्हणायची, "थांबा. 'आमची' म्हणालात ना? मग कुणाकुणाची, ते आठवा."

मग आम्ही आठवायचो. बाळंतीण झालेली शेजारची काकू, पलीकडच्या आळीतली म्हातारी, जिचा मुलगा सून घेऊन ऊसतोडीला गेला होता ती. एकदा धाकटा भाऊ म्हणाला, "दारातल्या कुत्र्याची." आम्ही हसलो, आई हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून कुत्र्यासाठी चतकोर भाकर बाजूला पडायला लागली.

आईला जेमतेम लिहिता-वाचता यायचं. पण मराठी शास्त्रात त्या जागी 'अन्न' असा शब्द नाही, 'भाकर' आहे, आणि तो शब्द तिच्या हाताखालचा होता. भाकर म्हटलं की ज्वारी आली, जातं आलं, काटवटीत मळलेलं पीठ आणि चुलीचा धूर आला. देवाजवळ रोज काय मागतो, हे तिला त्या एका शब्दानं पक्कं कळलं होतं. ज्वारी दळायला घेताना ती आधी एक मूठ काढून डब्यात टाकायची. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सगळ्याच बायका टाकायच्या. रविवारी उपासनेला जाताना ते डबे चर्चमध्ये यायचे आणि पाळकसाहेब ज्याच्या घरी दाणा नाही त्याच्याकडे ते धान्य पोचवायचे. कुणाकडे गेलं, हे कधी जाहीर झालं नाही.

१९७२ साल आलं. माझ्या वयाच्या श्रोत्यांना तो दुष्काळ सांगायला नको. खडी फोडायची कामं, सुकडी, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, ती लालसर भाकर. त्या वर्षी ते धान्य दोनदा आमच्या घरी आलं. आईनं ते डोळ्याला लावलं आणि त्यातलीही एक मूठ काढून पुन्हा डब्यात टाकली. मी चिडले. दहा-अकरा वर्षांची होते मी, आणि पोटात भूक होती. त्या मुठीचा अर्थ कळायला मला पुष्कळ वर्षं जावी लागली.

पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचताना ती मूठ मला परत दिसली. रमाबाईंनी भूक पुस्तकात वाचलेली नव्हती. आई, वडील आणि बहीण, तिघंही दुष्काळाच्या हालात त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. त्या आणि त्यांचा भाऊ पायी वणवण करत राहिले. पुढं १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं, तेव्हा त्यांच्याकडे शारदा सदनाचा, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या शाळेचा, संसार आधीच होता. तरी त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. हाडं उरलेल्या, आजारी, धास्तावलेल्या मुली. पुण्यात प्लेगचे दिवस होते. म्हणून दौंडजवळ केडगावला घेतलेल्या शेतावर त्यांची सोय केली, आणि तिथं मुक्ती सदन उभं राहिलं.

मला त्यांच्या मोठेपणापेक्षा तिथल्या रोजच्या कामाचं नवल वाटतं. तीनशे मुली म्हणजे रोज किती भाकऱ्या, किती घागरी पाणी, हे ज्या बाईनं घर चालवलंय तिला लगेच समजेल. विहिरी खणायच्या, शेत करायचं, उवा झालेले केस धुवायचे, अंध मुलींना वाचायला शिकवायचं. हे सगळं आणि प्रार्थना यांच्यात तिथं भिंत नव्हती. याच धबडग्यात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत अख्खं बायबल उतरवलं. ते छापलं मुक्तीतल्याच बायकांनी. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, त्या आधी हे काम हातावेगळं करून गेल्या.

मी स्वतः तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. तिथं मी कुणाला शास्त्र वाचून दाखवलं नाही, ती जागा त्याची नव्हती. रात्रपाळीत गुडघे टेकायला फुरसत कुठली! सलाईनची बाटली बदलताना पेशंटचं नाव घेऊन मनात एक वाक्य म्हणायचं, एवढीच माझी उपासना. कुणाच्या अंगाखालची घाण काढायची वेळ आली की कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणारा प्रभू आठवायचा आणि हात आपोआप हळू व्हायचे.

हे जमलं. जे जमलं नाही तेही सांगते.

भाकरीच्या ओळीनंतर लगेच 'आणि' येतो. "आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." वडिलांच्या मागं दोन एकर जमीन राहिली. ती मला न विचारता भावानं आपल्या एकट्याच्या नावावर लावून घेतली. हो, तोच भाऊ, ज्याला दारातलं कुत्रं आठवलं होतं. मी तहसीलला अर्ज केला. त्यानंतर नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. रोज रात्री मी प्रार्थना म्हणायचे आणि त्या ओळीला ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, असं प्रभूनं सांगितलंय, हे मला तोंडपाठ होतं.

या बाबतीत आपल्याकडे बायकांची एक फसवणूक होते, ती बोललीच पाहिजे. "तू देवभोळी, तू क्षमा कर," असं म्हणत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतात. क्षमा म्हणजे सही, असं शास्त्रात कुठंही नाही. ऋण सोडणं वेगळं, हक्क सोडणं वेगळं. मनातला सूड सोडता येतो आणि तहसीलचा कागदही चालू ठेवता येतो. मंडळीतल्या बायका विचारतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते, आणि असं सांगताना मी ख्रिस्तापासून लांब जाते आहे असं मला क्षणभरही वाटत नाही.

पण सूड सोडायलाच मला नऊ वर्षं लागली. गेल्या गुड फ्रायडेची उपासना दुपारी तीनला संपली. वधस्तंभावरचे येशूचे सात उद्गार ऐकून बाहेर आले आणि घराकडे न वळता गावाची एसटी धरली. भावाच्या दारात पोचले तेव्हा अंधार पडत होता. तो ओट्यावर होता. उठून उभा राहिला, बोलला काही नाही. मीही नाही. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं, तव्यावरची फुगलेली भाकर काढली, ताटात ठेवली आणि ताट माझ्यापुढं सरकवलं.

जमिनीचा विषय निघाला नाही. तहसीलची पुढची तारीख अजून यायची आहे. जेवण झाल्यावर भावानं कोनाड्यातून वडिलांचं पवित्र शास्त्र काढलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "आक्का, तू वाच." मी वाचलं. मग आम्ही तिघांनी प्रार्थना म्हटली. भाकरीच्या ओळीपाशी तो आपसूक थांबला. आईसारखाच.

नमस्कार.