शाळा बंद असताना मुलांना बोलतं ठेवू या

नमस्कार. पालकांशी बोलायला बसलं की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. शाळा बंद आहे, पोर्शन मागे पडतोय, तो घरी कसा पूर्ण करून घ्यायचा? या प्रश्नामागची काळजी खरी आहे. पण पहिली ते पाचवीच्या मुलांबद्दल म्हणाल, तर पोर्शन ही सगळ्यात शेवटची काळजी, असं माझं स्पष्ट मत आहे. राहिलेला धडा पुढे घेता येतो. वाचायची सवय मोडली, आकड्यांची धास्ती बसली किंवा ‘मला काही येतच नाही’ असं मुलाच्या मनाने घेतलं, की ते निस्तरायला फार काळ लागतो. म्हणून आज मी एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे. अशा दिवसांत घरातल्या मोठ्या माणसाने शिक्षक व्हायला हवं असं नाही. मुलाला विचारायचं, त्याला बोलू द्यायचं आणि ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं.

शाळा बंद पडायला कारणं कितीतरी असतात. साथ येते, पूर येतो, भूकंप होतो, उष्णतेची लाट असते, कुठे युद्ध असतं. २०२० च्या एप्रिलमध्ये जगभरातले दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी एकाच वेळी घरी बसले होते, ही युनेस्कोची आकडेवारी आहे. पण हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये पोलिओच्या साथीमुळे अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या शाळा उघडल्याच नाहीत. तेव्हा रेडिओ केंद्रांनी रोज पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ प्रसारित केले आणि वर्तमानपत्रांनी कोणता विषय किती वाजता, काय गृहपाठ, हे छापलं. चांगलाच प्रयत्न होता. पण रेडिओ मुलाला प्रश्न विचारू शकत नाही आणि मुलाचं उत्तर ऐकू शकत नाही. आजचा मोबाइलवरचा व्हिडिओसुद्धा ते करत नाही. ती जागा घरातल्या माणसाचीच आहे.

आता घरी राहून किती नुकसान होतं ते पाहू. नेदरलँड्समध्ये २०२० साली प्राथमिक शाळा सुमारे आठ आठवडे बंद होत्या. तिथे घरोघरी चांगलं इंटरनेट, तुलनेने कमी काळाची बंदी, शाळांकडे पुरेसा पैसा. तरीही आधीच्या आणि नंतरच्या चाचण्या ताडून पाहिल्या तेव्हा मुलांचं सरासरी नुकसान वर्षाच्या एक पंचमांश शिक्षणाइतकं निघालं. म्हणजे जवळजवळ शाळा बंद होती तेवढंच. ज्या घरांत आईवडिलांचं शिक्षण कमी होतं, तिथे ते साठ टक्क्यांपर्यंत जास्त होतं. हे वाचून काही पालक खचतात. मला त्याच काळातला बोट्सवानातला प्रयोग सांगायचा आहे. तिथे साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबं घेतली. काहींना आठवड्याला गणिताचे सोपे प्रश्न मेसेजने पाठवले, काहींना मेसेजबरोबर आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटांचा फोन केला. फोन स्पीकरवर ठेवायचा, पालक आणि मूल दोघांनी शेजारी बसायचं आणि एखादं उदाहरण बोलत बोलत सोडवायचं. फोनची जोड मिळालेल्या मुलांचं गणित स्पष्टपणे सुधारलं. साधा फोन, स्मार्टफोनचीही गरज नाही. आठवड्यातली ती पंधरा-वीस मिनिटं कोणीतरी या मुलाला काय येतं आणि कुठे अडतं याकडे लक्ष देत होतं, एवढंच त्यात होतं.

मात्र मदत कशी करतो यावर फार अवलंबून असतं. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची भीती होती आणि जे गृहपाठात वरचेवर मदत करत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि वर्ष संपताना त्यांना गणिताची भीतीही जास्त वाटू लागली. भीती असूनही जे पालक फारशी ढवळाढवळ करत नव्हते, त्यांच्या मुलांमध्ये हे दिसलं नाही. ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ हे वाक्य मुलासमोर किती सहज उच्चारलं जातं! कृपा करून ते टाळा. आणि उत्तर चुकलेलं दिसलं की वहीवर काट मारण्याआधी थांबा.

हे थोडं जवळून दाखवते. समजा, मुलाने ५२ वजा २७ असं उदाहरण मांडलंय आणि उत्तर लिहिलंय ३५. आपण लगेच म्हणतो, ‘अरे, हातचा घ्यायला विसरलास!’ आणि पुस्तकातली रीत पुन्हा घोकून घेतो. तसं करू नका. ‘कसं केलंस ते सांग बघू’ एवढंच म्हणा. मूल सांगेल, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच उरले. पाचातून दोन गेले, तीन उरले. म्हणजे त्याने निष्काळजीपणा केलेला नाही. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा हा एक नियम त्याने मनाशी पक्का केलाय आणि तो इमानाने पाळलाय. हातचा हा शब्द दहा वेळा बजावला तरी तो नियम जात नाही.

आता काड्या घ्या, नाहीतर बिया, बटणं, जे हाताशी असेल ते. काड्या असतील तर दहा-दहांचे पाच गठ्ठे बांधा, दोन सुट्या ठेवा. म्हणा, ‘यातल्या सत्तावीस मला दे.’ मूल दोन गठ्ठे देईल, मग सात सुट्या द्यायला जाईल आणि अडेल. इथे आपली जीभ सगळ्यात जास्त शिवशिवते. गप्प राहा. थोडा वेळ ते गठ्ठ्यांकडे बघेल, आपल्याकडे बघेल, आणि बहुतेक मुलं आपण होऊन विचारतात, ‘एक गठ्ठा सोडू का?’ त्या क्षणी हातचा त्याला कळलेला असतो. गठ्ठा सुटला की सुट्या काड्या बारा. त्यातल्या सात दिल्या, पाच उरल्या. गठ्ठे दोन उरले. पंचवीस. मग त्याचं आधीचं उत्तर त्यालाच तपासू द्या. पस्तीस आणि सत्तावीस मिळवले तर किती होतात? बासष्ट. पण आपल्याकडे तर बावन्नच होत्या! चूक मुलानेच पकडली, हे फार मोलाचं आहे. असं एक उदाहरण नीट झालं तर त्या दिवशीचं गणित झालं असं खुशाल समजा. पंचवीस उदाहरणांचं पान भरून घ्यायची गरज नाही.

वाचनाचंही असंच. मूल मोठ्याने वाचतंय आणि जोडाक्षरापाशी अडलं. समजा ‘आश्चर्य’ आलं. आपण मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावं. तोवर जमलं तर उत्तम. नाही जमलं तर शब्द शांतपणे सांगून टाकावा आणि पुढे जावं. तिथे फोड करून घ्यायची, वर्गात शिकवलं नाही का म्हणून विचारायचं, यात गोष्टीचा धागा तुटतो आणि मुलाला वाचण्यापेक्षा परीक्षेचंच वातावरण जाणवतं. अडखळणाऱ्या मुलाबरोबर एकाच पानावर बोट ठेवून दोघांनी एकदम मोठ्याने वाचणं फार उपयोगी पडतं. त्याचा आवाज आपल्या आवाजाच्या आधाराने पुढे सरकतो. एखाद्या ओळीला ते मूल आपल्याला हाताने थांबवतं, म्हणजे आता मी एकटा वाचतो. तेव्हा थांबावं.

ज्याला वाचता येतं त्यालाही वाचून दाखवा. चौथीतलं मूल स्वतः वाचू शकतं त्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट ऐकून समजू शकतं आणि नवे शब्द त्याला तिथूनच मिळतात. आणि घरातल्या ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना मी अगदी आग्रहाने सांगते, तुम्ही कमी पडत नाही आहात. मुलाला म्हणा, ‘मला वाचून दाखव, मग काय झालं ते सांग.’ ज्याला खरोखरच गोष्ट माहीत नाही असा श्रोता मुलाला मिळाला, की ते जीव तोडून सांगतं. आजी-आजोबा इथे फार उपयोगी ठरतात.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात सांगते. शाळेचे पाच-सहा तास घरी भरून काढायला जाऊ नका. शाळेतही तो सगळा वेळ शिकण्यात जात नाही, रांगा असतात, मधली सुट्टी असते, वीस-पंचवीस मिनिटं नुसती वह्या काढण्यात जातात. लहान मुलांसाठी वीस-वीस मिनिटांच्या तीन-चार बैठका पुरेत. त्या रोज साधारण त्याच वेळी असाव्यात, कारण दिवसाला आकार असला की मुलाचं मन निम्मं शांत होतं. उठायची आणि झोपायची वेळ मात्र घट्ट धरा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते, आणि शाळा बंद झाली की पहिली घसरते ती झोपच. झोपण्याआधी तासभर मोबाइल बाजूला. शिवाय जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी एक तास धाप लागेल असं खेळायला सांगते. जागा कमी असेल तर दोरीच्या उड्या आहेत, नाच आहे, उशांचा अडथळ्यांचा मार्ग आहे. आई-वडील दोघंही दिवसभर कामावर असतील, तर रात्रीची ती वीस मिनिटं तरी पूर्णपणे मुलाची असू द्या. फोन दुसऱ्या खोलीत.

आता मनाकडे वळते, कारण मन अस्वस्थ असेल तर वर सांगितलेलं काहीच लागू पडत नाही. सात वर्षांचं मूल ‘मला चिंता वाटते’ असं म्हणत नाही. त्याचं पोट दुखतं. ते अंथरूण ओलं करायला लागतं. आईचा पदर सोडत नाही. क्षुल्लक गोष्टीवरून भावंडावर तुटून पडतं. हा हट्ट आहे असं समजून आपण रागावतो आणि गुंता वाढतो. आधी डॉक्टरांना विचारून शारीरिक कारण नाही ना याची खात्री करावी आणि मग मुलाच्या शेजारी बसून काहीतरी करावं. चित्र रंगवावं, कपड्यांच्या घड्या घालाव्यात. समोरासमोर बसून ‘काय होतंय तुला?’ असं विचारलं की मूल मिटतं. हात कामात असले की बोलतं.

लहान मुलं बऱ्याचदा घडणाऱ्या गोष्टींचा दोष स्वतःकडे घेतात. मी शाळेत जायचं नाही म्हणून रडलो होतो, म्हणून शाळा बंद झाली, असं एखाद्याला खरंच वाटत असतं. आपण विचारल्याशिवाय ते कळत नाही. म्हणून मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी त्यालाच विचारा, ‘तुला काय वाटतं, शाळा का बंद आहे?’ जे चुकीचं समजलंय ते तिथेच दुरुस्त होतं. उत्तर खरं द्या आणि लहान द्या. माहीत नसेल तर ‘शाळा कधी उघडेल ते अजून ठरलेलं नाही, ठरलं की तुला लगेच सांगेन’ असं म्हणावं. खोटी तारीख देऊ नये. घरात दिवसभर बातम्यांचा टीव्ही चालू ठेवू नये. मूल खेळत असलं तरी त्याचा एक कान तिकडे असतो.

आणि मैत्री! मुलांना शाळेतून धडे मिळतात त्याहून जास्त तिथे मित्र मिळतात. भेटता येत नसेल तर फोनवर बोलू द्या, पत्र किंवा चित्र पाठवू द्या. हा अभ्यासातून काढलेला वेळ समजू नका. दोन-तीन आठवडे उलटले तरी झोप लागत नसेल, खाणं तुटलं असेल, आवडते खेळही नकोसे झाले असतील, तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका. स्वतःला इजा करण्याबद्दल मूल एकदा जरी बोललं, तर वाट बघू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

शेवटी शाळा उघडतानाबद्दल. इथे बसलेल्या शिक्षकांनाही हे सांगायचं आहे. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानच्या उत्तर भागात मोठा भूकंप झाला आणि तिथल्या शाळा सुमारे तीन महिने बंद राहिल्या. चार वर्षांनी संशोधकांनी मुलांची चाचणी घेतली. भूकंपाच्या पट्ट्यातली मुलं इतरांपेक्षा सुमारे दीड इयत्ता मागे होती. तीन महिन्यांच्या बंदीतून दीड वर्षाचं अंतर कसं पडलं? संशोधकांना वाटतं की ते बरंचसं नंतर पडलं. शाळा उघडल्यावर वर्ग आपल्या गतीने पुढे गेला, मागे राहिलेल्या मुलांना समजेना आणि अंतर वाढत गेलं. ज्या मुलांच्या आईने किमान प्राथमिक शिक्षण पूर्ण केलं होतं, त्यांच्यात ही घसरण आढळली नाही.

म्हणून पालकांनो, शाळा उघडेल त्या आठवड्यात शिक्षकांना भेटा आणि घरी काय दिसलं ते सांगा. ‘वजाबाकीत दशक सोडायला अडतो, गोष्ट ऐकून छान सांगतो, एकट्याने वाचायला घाबरतो’ अशी तीन वाक्यं पुरतात. शिक्षकांनी पहिले दोन आठवडे नवा धडा उघडू नये. प्रत्येक मुलाला पाच मिनिटं जवळ बसवावं, एक उतारा वाचून घ्यावा, एक वजाबाकी मांडायला द्यावी आणि विचारावं, ‘कसं केलंस ते सांग.’