मक्याच्या दाण्यावरचे ठिपके कसे वाचायचे? बार्बरा मॅक्लिंटॉक यांचं संशोधन

[हातात ठिपकेदार मक्याचं कणीस, क्लोज-अप]

हा दाणा नीट बघा. अंग फिकट आणि त्यावर जांभळे ठिपके. काही मोठे, काही टाचणीच्या टोकाएवढे. हे ठिपके वाचता आले, की अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांना 1983 चं नोबेल कशासाठी मिळालं ते कळतं. म्हणून आज चरित्र थोडं आणि दाणे जास्त.

सुरुवात मात्र सूक्ष्मदर्शकापासून. 1927 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. आणि 1929 मध्ये मक्याची दहाही गुणसूत्रं वेगवेगळी ओळखून दाखवलेली. पुढे त्या अर्धसूत्री विभाजनाच्या, म्हणजे परागकण बनताना गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या, सुरुवातीच्या अवस्थेकडे वळल्या. तेव्हा गुणसूत्रं लांब, सुटसुटीत असतात आणि त्यांच्यावरच्या गाठीसुद्धा मोजता येतात.

ही अवस्था हुकते ती बहुतेक वेळा उशिरामुळे. तुरा पानांच्या पोंग्यात असतानाच काढायचा. बाहेर डोकावला की विभाजन बहुधा उरकलेलं असतं. काढल्यावर तीन भाग अल्कोहोल, एक भाग अॅसिटिक आम्ल अशा मिश्रणात टाकायचा. मक्याच्या नरफुलात तीन परागकोश असतात आणि तिन्ही साधारण एकाच अवस्थेत. एक फोडून अॅसिटोकार्माइनमध्ये, म्हणजे गुणसूत्रं रंगवणाऱ्या द्रावणात, तपासायचा, अवस्था जुळली तर उरलेल्या दोघांच्या स्लाइड करायच्या. लोखंडी सुईनं ढवळलं की गुणसूत्रांवर रंग चढतो. लोह जास्त झालं, की सगळी पेशीच काळवंडते.

याच कौशल्यावर 1931 चा शोधनिबंध उभा आहे, हॅरिएट क्रायटन यांच्यासोबतचा. नवव्या गुणसूत्राच्या एका टोकाला गाठ, दुसऱ्या बाजूला आठव्या गुणसूत्राचा चिकटलेला तुकडा. डोळ्यांना दिसणाऱ्या दोन खुणा. जनुकांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही खरोखर बदलतात, हे त्यातून सिद्ध झालं.

आता पुन्हा दाण्याकडे.

[आकृती: नववं गुणसूत्र, आखूड भुजा]

1940 च्या दशकात कोल्ड स्प्रिंग हार्बरला, अमेरिकेतल्या संशोधन केंद्रात, मॅक्लिंटॉक यांच्या लक्षात आलं, की नववं गुणसूत्र पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटतंय. त्या जागेला नाव दिलं डिसोसिएशन, म्हणजे डीएस. डीएस स्वतःहून काही करत नाही. अॅक्टिव्हेटर, म्हणजे एसी, पेशीत असेल तरच.

संकर असा करा. मादीकडे रंग देणारं जनुक आणि मेणचट पिष्टाचं जनुक. नराकडे रंग रोखणारं जनुक, साध्या पिष्टाचं जनुक आणि त्यांच्या आत, गुणसूत्राच्या मध्याच्या बाजूला डीएस. एसी दोघांपैकी कुणाकडूनही येऊ द्या. डीएसपाशी तुटलं, की टोकाकडचा अख्खा तुकडा गळतो. त्या पेशीच्या वंशजांमध्ये रंग रोखणारं कुणी उरत नाही, ठिपका रंगीत होतो. मोठ्या ठिपक्याखालच्या पिष्टावर आयोडीन टाका: साधं पिष्ट निळं-काळं होतं, इथे मात्र तांबूस. म्हणजे दोन गुण एकदम गेले.

पण दुसऱ्या एका वाणातही फिकट दाण्यावर अगदी असेच ठिपके दिसले आणि तिथे बाकीचे गुण जागच्या जागी होते. गेलं काहीच नव्हतं. डीएस उठून थेट रंगाच्या जनुकात जाऊन बसलं होतं. ते तिथून निघालं, की रंग परत. मला विचाराल तर सगळ्या कारकिर्दीतला हा सर्वांत देखणा युक्तिवाद. ठिपका तोच, पण शेजारची जनुकं तपासल्यावर अर्थ पार वेगळा.

ठिपक्याचा आकार म्हणजे घड्याळ. उडी लवकर पडली तर ठिपका मोठा, उशिरा पडली तर बारीक. एसीच्या प्रती वाढल्या, की उडी उशिरा पडते. इथे नवखे हमखास फसतात: दाण्याच्या भ्रूणपोषात, म्हणजे अंकुरासाठी साठवलेल्या अन्नाच्या भागात, आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. एसी आईकडून आलं तर दोन प्रती, बापाकडून आलं तर एकच. म्हणून उलटा संकर केला, की ठिपक्यांचं रूप बदलतं. ती चूक नव्हे, हिशोब आहे.

आता प्रभावाबद्दल. या उड्यांबद्दलचा त्यांचा 1950 चा शोधनिबंध आणि 1951 चं भाषण कुणालाच पटलं नाही, ही गोष्ट सगळीकडे ऐकायला मिळते. ती अर्धीच खरी. मक्यावर काम करणाऱ्या रॉयल ब्रिंक आणि पीटर पीटरसन यांना 1950 च्या दशकातच असे फिरते, म्हणजे गुणसूत्रावरची जागा बदलणारे, घटक सापडले होते. न पटलेला भाग वेगळा: हे घटक वनस्पतीच्या वाढीचं नियंत्रण करतात, हा मॅक्लिंटॉक यांचा दावा. तो आजही त्या रूपात टिकलेला नाही. नोबेल मिळालं ते फिरत्या घटकांसाठी.

शिवाय बराच तपशील त्यांनी नियतकालिकांऐवजी कार्नेगी संस्थेच्या वार्षिक अहवालांत छापला. नियतकालिकाचं वजन ठरवणारा इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचे संदर्भ मोजतो. या कामाची खरी मागणी सुरू झाली ती 1960 च्या दशकाअखेर, जिवाणूंमध्ये असेच घटक दिसल्यावर. कुठलं दोन वर्षांचं माप इथे पुरणार?

1983 मध्ये एसी आणि डीएस रेणूच्या पातळीवर वेगळे काढले गेले. एसी सुमारे 4,565 बेस-जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या इतक्या अक्षरांचा. डीएसच्या अनेक प्रती म्हणजे मधला तुकडा गमावलेला एसीच. उडीसाठी लागणारं विकर त्याला बनवता येत नाही, म्हणून ही परावलंबी चाल. मग एसी खूण म्हणून वापरायला लागले: तो ज्या जनुकात अडकलाय, ते जनुक त्याला धरून बाहेर ओढायचं. 2009 मध्ये मक्याचा जनुकसंच वाचला, तेव्हा जवळपास 85 टक्के भाग अशा फिरत्या घटकांचाच निघाला.

[शेवटचा शॉट: सुरकुतलेला वाटाणा]

आणि मेंडेलचा हा सुरकुतलेला वाटाणा. 1990 मध्ये कारण सापडलं: पिष्टाला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या जनुकात सुमारे 800 बेस-जोड्यांचा एक तुकडा घुसलेला, एसी-डीएसच्याच कुळातला.